सगळं ठीक आहे

(या भागाचा लिखित मजकूर. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी. बोलताना झालेले ‘अं’ आणि ‘म्हणजे’ कमी केलेत, बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)



मागच्या भागात मी नोकरीच्या इंटरव्ह्यूबद्दल बोललो होतो. त्यात ओघात सांगून गेलो की माझ्या रेझ्युमेमध्ये दोन वर्षांची गॅप आहे आणि प्रत्येक ठिकाणी त्यावर प्रश्न येतोच. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, “अरे, पण ती दोन वर्षं तू केलंस काय? यूपीएससी?”

नाही हो. यूपीएससी नाही, आजारपण नाही, स्टार्टअप तर नाहीच नाही. नोव्हेंबर २०१७ ते नोव्हेंबर २०१९ मी मिशनरी होतो. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी नावाची पट्टी. तुम्ही ज्यांना मॉर्मन म्हणून ओळखता, त्या चर्चचा. पूर्ण नाव चर्च ऑफ जीजस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स. १८३० साली अमेरिकेत सुरू झालं, मुख्यालय युटा राज्यात सॉल्ट लेक सिटीला.

आता थांबा, बंद करू नका. मी आज कुणाला काही पटवायला बसलेलो नाही. माझा विश्वास माझ्यापाशी, तुमचा तुमच्यापाशी. मला आज फक्त एका वाक्याबद्दल बोलायचंय, जे मी त्या दोन वर्षांत शेकडो वेळा ऐकलं, शेकडो वेळा स्वतः म्हटलं, आणि ज्याची किंमत शेवटी माझ्या पप्पांनी भरली. ते वाक्य म्हणजे, “सगळं ठीक आहे.”

थोडी पार्श्वभूमी सांगतो, नाहीतर गोंधळ होईल.

आमचं घर विठ्ठलवाडीला. कल्याणच्या पुढचं स्टेशन, उल्हासनगरच्या अलीकडचं. बदलापूर, कर्जत लोकलवाल्यांना सांगायला नको. आम्ही मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं, तिथपासूनची ती वस्ती. माझी आजी चर्चला देऊळच म्हणायची. “देवळात चला रे,” असं. घरात पेटी होती, तिच्यावर नारायण वामन टिळकांची भजनं व्हायची. म्हणजे ख्रिस्ती असणं आमच्याकडे नवीन नव्हतं. नवीन होतं ते माझं दुसऱ्याच चर्चमध्ये जाणं. बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला एक मित्र मुंबईला रविवारच्या सभेला घेऊन गेला, मी जात राहिलो, आणि एक दिवस घरी सांगितलं. पप्पा जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, “आहे ते देऊळ पुरत नव्हतं का?”

एवढंच. पुढे त्यावर वाद नाही, चर्चा नाही. आमच्या घरात वाद होत नाहीत, लोक गप्प होतात. तुमच्याकडेही असेल असं.

तर आमच्या चर्चमध्ये मुलं अठरा वर्षांपासून मिशनला जाऊ शकतात, दोन वर्षांसाठी. मुलींसाठी दीड वर्ष. पगार नाही. कुठे जायचं हे आपण ठरवत नाही, पत्र येतं. मी बीटेक संपवून गेलो, बावीस वर्षांचा होतो. कॅम्पसमधून नोकरी लागली होती, वर्षाला तीन लाख तीस हजार. ती सोडली. आणि डोक्यावर शैक्षणिक कर्ज होतं, साडेतीन लाखांचं. सहकर्जदार पप्पा. अंबरनाथच्या एका कारखान्यात ते फिटर होते.

कर्जाचं मी काय केलं? सांगतो. कोर्स संपल्यावर साधारण वर्षभर हप्ता नसतो हे मला माहीत होतं. म्हणजे २०१८ च्या मध्यावर हप्ता सुरू होणार आणि मी २०१९ च्या शेवटी परतणार. वजाबाकी पहिलीतलं पोरही करेल. मी पप्पांना एकदा विचारलं, “हप्त्याचं काय करायचं?” ते म्हणाले, “बघू.” आणि मी, बीटेक झालेला इसम, त्या ‘बघू’चा अर्थ ‘होईल सोय’ असा लावून बॅग भरायला घेतली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक काका राहतात. दरवर्षी आळंदीहून पंढरपूरला चालत जातात. निघायच्या आदल्या दिवशी त्यांना भेटायला गेलो. मला वाटलं काहीतरी टोमणा मारतील. ते म्हणाले, “दोन वर्षांची वारीच म्हण की. एक सांगतो. चालायचा त्रास होत नाही रे, पायांना सवय होते. दिंडीत शेजारी कोण झोपणार हे आपल्या हातात नसतं, त्याचा त्रास होतो.”

तेव्हा हसलो. पुढे सहा महिन्यांत कळलं.

आधी मनिलाला प्रशिक्षण, आणि मग दक्षिण भारत. बंगळूरू मिशन. पहिला मुक्काम कोइंबतूर. दिवस ठरलेला. साडेसहाला उठायचं, व्यायाम, अभ्यास, मग बाहेर, रात्री साडेदहाला दिवे बंद. आणि तुम्ही कधीच एकटे नसता. जोडीदार असतो, त्याला कम्पॅनियन म्हणतात. नियम असा, की तो कायम दिसेल आणि त्याचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर राहायचं. न्हाणीघर सोडून सगळीकडे. तो निवडायचा अधिकार तुम्हाला नाही. दर सहा आठवड्यांनी ट्रान्सफरचा फोन येतो, मग कधी तो बदलतो, कधी तुमचं गाव बदलतं.

लोकलमध्ये चौथ्या सीटवर शेजारी कसाही माणूस बसला तरी दादरला तो उतरणार असतो. इथे तो उतरतच नाही!

माझा दुसरा जोडीदार राजमहेंद्रीचा होता. माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान, शांत. आम्ही आपसात इंग्रजीत बोलायचो, कारण मला तेलुगू येत नव्हतं आणि त्याला मराठी. त्याचं इंग्रजी जरा अडखळत चालायचं. मी मदत करायचो. म्हणजे मला वाटायचं मदत. कुणाच्या घरी बसलोय, तो काही सांगतोय, क्रियापद चुकलं की मी हळूच बरोबर करून सांगायचो.

आठवड्यातून एकदा आमची एक बैठक व्हायची. पुढच्या आठवड्याचं नियोजन करायचं आणि शेवटी एकमेकांना विचारायचं, ‘आपलं दोघांचं कसं चाललंय? माझं काही खटकतंय का?’ प्रत्येक जोडीनं करायचीच अशी ती गोष्ट. पहिल्या आठवड्यात मी विचारलं, तो म्हणाला, “सगळं ठीक आहे.” दुसऱ्या आठवड्यात, “सगळं ठीक.” तिसऱ्या, चौथ्या, तेच. मी वहीत बरोबरची खूण करायचो. झाली बैठक.

पाचव्या आठवड्यात त्यानं वही बंद केली आणि म्हणाला, “तू लोकांसमोर माझं इंग्रजी दुरुस्त करतोस. मग त्या घरात मी लहान होतो. पुढच्या वेळी मी बोलतच नाही.”

खरंच, तो बोलायचा बंद झाला होता. माझ्या लक्षात आलं होतं. पण मी त्याचा अर्थ काय काढला होता? की हा आळशी आहे, सगळं माझ्यावर टाकतो. आणि हे मी त्याला सांगितलं होतं का? नाही. मीपण चार आठवडे ‘सगळं ठीक’च म्हणत होतो.

सहावा आठवडा आमचा फार छान गेला. तो बोलायचा, मी ऐकायचो. त्याला एक सवय होती, घरातल्या म्हाताऱ्या माणसाशी आधी बोलायचं, मग बाकीच्यांशी. ती मला आधी दिसलीच नव्हती. सातव्या आठवड्याला त्याची बदली झाली. सहा आठवड्यांपैकी एक आठवडा आम्हाला मिळाला, पाच ‘सगळं ठीक’मध्ये गेले.

नंतर मला विशाखापट्टणमला पाठवलं. तिथे दीड वर्षाच्या आसपास होतो, वेगवेगळ्या भागांत.

लोकांना वाटतं मिशनरी म्हणजे दारोदार घंटा वाजवत फिरतो. आम्ही तसं केलं नाही. ओळखीतून कुणी बोलावलं तर जायचो. बाकी वेळ कुणाला इंग्रजी शिकव, कुणाचं घर बदलायचंय तर कपाट उचल, आणि चर्चमधल्या लोकांना भेटायला जा. एकदा बसमध्ये एका गृहस्थांनी माझी नावाची पट्टी बघून मोठ्यानं विचारलं, “धर्म बदलायचे किती पैसे देता?” सगळी बस बघायला लागली. त्या दिवशी माझ्या खिशात बसच्या तिकिटाचे आणि दोन केळ्यांचे पैसे होते, आणि नावावर साडेतीन लाखांचं कर्ज. मला हसूच आलं. पण एक सांगतो, त्यांचा राग मला अगदीच कळला नाही असं नाही. दोन टायवाले पोरगे वस्तीत फिरताना दिसले तर माझ्या पप्पांनीही हाच प्रश्न विचारला असता.

आणि चहा! आमच्या चर्चमध्ये चहा-कॉफी चालत नाही. दारू-तंबाखू नाही हे लोक समजून घेतात. चहा नाही म्हटलं की चेहरा पडतो. आपल्याकडे चहाला नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हणणं. सुरुवातीला मी फक्त “नको, नको” म्हणायचो. मग एका काकूंनी सांगितलं, “नको म्हणू नकोस, काय हवं ते माग.” तेव्हापासून मी घरात शिरलो की आधीच म्हणायचो, “ताक आहे का हो?” आंध्रात ताक नाही असं घर विरळा. मागितल्यावर घरची बाई खूश. तेव्हा एवढं कळलं, की नुसत्या ‘नको’ला पुढचा माणूस काही करू शकत नाही. काय हवं ते सांगितलं तर करू शकतो.

तिथे एक आजोबा होते. रेल्वेतून निवृत्त, एकटे राहायचे. दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडे जायचो. तेलुगूत विचारायचं, “बागुन्नारा?” म्हणजे बरे आहात का? ते म्हणायचे, “बागुन्नानु.” बरा आहे. मग तासभर रेल्वेच्या गोष्टी. मी विठ्ठलवाडीचा म्हटल्यावर तर विचारूच नका. मुंबई-ठाणे पहिली गाडी १८५३ ची, मग १८५४ ला ती कल्याणपर्यंत आली, हे मला त्यांनी सांगितलं. मी आयुष्यभर त्या रुळांशेजारी राहिलेला!

एका गुरुवारी त्यांच्या टीव्हीच्या कपाटावर गोळ्यांची पट्टी दिसली. ब्लडप्रेशरच्या गोळ्या. चार शिल्लक. पुढच्या गुरुवारी परत दिसली. चारच शिल्लक. मी जोडीदाराकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे. आम्ही “बरे आहात का” विचारत होतो आणि ते “बरा आहे” म्हणत होते, आणि आठ दिवस गोळी घेतलेली नव्हती.

हा जोडीदार हैदराबादचा होता, तेलुगू त्याची मातृभाषा. त्यानं गोळ्यांचं काहीच विचारलं नाही. विचारलं, “आजोबा, आज काय जेवलात?” ते थांबले. म्हणाले, “बिस्किटं.” “आणि काल?” मग हळूहळू निघालं. गुडघा सुजला होता, जिना उतरवत नव्हता. वाण्याकडे नाही, औषधाच्या दुकानात नाही. शेजाऱ्यांना सांगायची लाज वाटत होती. उरलेल्या चार गोळ्या त्यांनी राखून ठेवल्या होत्या, फारच गरगरलं तर घ्यायला म्हणून.

आम्ही काही मोठं केलं नाही. गोळ्या आणल्या, भाजी आणली, मंडळीतल्या एका डॉक्टरांना कळवलं. पण ‘बरे आहात का’ हा प्रश्न मी त्या दिवसापासून सोडला. त्याचं उत्तर विचारणाऱ्यानंच आधी ठरवलेलं असतं. ‘काय जेवलात’ला ‘ठीक’ हे उत्तर देता येत नाही.

आता इथे मला स्वतःचीच लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. कारण त्याच काळात मी घरी काय लिहीत होतो?

तेव्हा नियम असा होता, की घरी आठवड्यातून एकदा ईमेल करायचा. सोमवारी आमची सुटी असायची, म्हणजे कपडे धुणं, बाजारहाट, केस कापणं आणि ईमेल. फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मदर्स डेला. आईचे ईमेल माझी धाकटी बहीण टाइप करायची. “इकडे सगळं ठीक आहे. काळजी करू नको. जेवत जा.” मी उत्तर द्यायचो, “इकडेपण सगळं ठीक. पाऊस आहे.”

२०१८ च्या पावसाळ्यात मला डेंग्यू झाला. हातपाय मोडल्यासारखे दुखायचे. जोडीदारानं नऊ दिवस मला इडली भरवली. त्या सोमवारी मी घरी काय लिहिलं माहितीये? “सगळं ठीक. पाऊस आहे.”

इथे एक गंमत सांगतो. आमच्या चर्चचा पहिला मिशनरी मुंबईत कधी आला असेल? मला वाटायचं अलीकडेच. तर नाही, १८५२ साली ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश माणूस मुंबईत उतरला. तिथून पुण्याला गेला. आता आपल्या विठ्ठलवाडीवरून पुण्याला जी लाईन जाते ती तेव्हा नव्हतीच, मुंबई-ठाणे गाडीसुद्धा त्याच्या पुढच्या वर्षीची. घाट चढून जायचं. पुण्यात लष्करी अधिकाऱ्यांनी त्याला विरोध केला, थोडेफार लोक जमले, आणि १८५५ मध्ये तो परत गेला. पुढे वर्षभरात ते सगळं भारतातलं मिशनच गुंडाळलं गेलं. त्याच्या घरच्यांना त्याचं पत्र पोचायला महिन्याच्या वर लागत असणार. आज आजारी पडला तर घरी कळेपर्यंत बरा तरी झालेला, नाहीतर गेलेला. त्याला ‘सगळं ठीक’ लिहिणं माफ आहे. माझ्याकडे ईमेल होता, सेकंदात पोचणारा. पण आत लिहिलेलंच खोटं असेल, तर ते सेकंदात पोचून काय उपयोग?

मग फेब्रुवारी २०१९ मध्ये नियम बदलला. घरी दर आठवड्याला फोन, व्हिडिओ कॉलसुद्धा. आमच्या फ्लॅटमध्ये त्या दिवशी दिवाळी! पहिल्याच सोमवारी मी संध्याकाळी कॉल लावला. आई रडली, बहीण हसली. मी विचारलं, “पप्पा?” आई म्हणाली, “ड्युटीवर.”

पुढचा सोमवार. “ड्युटीवर.” त्याच्या पुढचा. “सेकंड शिफ्ट आहे.” नऊ महिने. साधारण पस्तीस-छत्तीस सोमवार. पप्पा तीन वेळा भेटले असतील कॉलवर, तेही उभ्या उभ्या. “बरा आहेस ना? हां. दे आईला.”

मी मनात काय ठरवलं? की पप्पा अजून रागावलेत. चर्च बदललं म्हणून. मी त्यांच्यासाठी प्रार्थना करायचो, की देवा, त्यांचं मन मऊ कर. गोळ्यांच्या पट्टीवर चार गोळ्या मोजणारा मी, पण पप्पांची सेकंड शिफ्ट इतक्या वेळा कशी येते, शिफ्ट तर आठवड्याला बदलते, हे मला मोजता आलं नाही.

नोव्हेंबर २०१९. बंगळूरूहून उद्यान एक्स्प्रेसनं परत आलो. पुण्याकडून येताना गाडी विठ्ठलवाडीवरून जाते, पण थांबत नाही. दारात उभा होतो. संध्याकाळ, प्लॅटफॉर्मवर गर्दी, आणि आपलं स्टेशन डोळ्यांसमोरून गेलं. मग कल्याणला उतरलो. आई आणि बहीण आल्या होत्या. पप्पा ड्युटीवर.

रात्री साडेअकराला आले. दोन वर्षांत माणूस किती वाळतो! मला जवळ घेतलं, म्हणाले, “जेवलास?” आणि झोपायला गेले. सकाळी सहाला परत डबा घेऊन बाहेर.

एक आठवडा मी बघत होतो. रविवारी रात्री जेवणं झाली, आई भांडी घासत होती. मी पप्पांसमोर बसलो आणि मिशनमधला तो प्रश्न विचारला. “पप्पा, माझं काही खटकतं का तुम्हाला?”

“नाही रे. सगळं ठीक आहे.”

मी उठणारच होतो, खरंच. मग ते आजोबा आठवले. मी म्हटलं, “सोमवारी मी फोन करायचो तेव्हा तुम्ही कुठे असायचा?”

पप्पा जरा वेळ टीव्हीकडे बघत बसले. टीव्ही बंद होता. मग उठले, कपाटातून बँकेचं पासबुक आणलं आणि माझ्या हातात दिलं. बोलले काही नाही.

जुलै २०१८ पासून दर महिन्याला सात हजार सहाशे. सतरा हप्ते. एक लाख एकोणतीस हजार दोनशे रुपये. सगळा ओव्हरटाइम.

मी म्हटलं, “मला सांगायचं ना. आईला तर विचारायचो मी दर आठवड्याला.” ते म्हणाले, “काय सांगायचं? तू परत आला असतास. मग आयुष्यभर म्हटलं असतंस, पप्पांमुळे आलो.” मग थोडं थांबून म्हणाले, “देवाचं काम करायला गेलास त्याचं मला काही नाही. राग त्याचा नाही. जाताना हिशोब करून गेला नाहीस, त्याचा आहे. त्या कागदावर माझी सही होती.”

मंडळी, दोन वर्षं मी ज्याला धर्माचं भांडण समजत होतो, ते हप्त्याचं होतं. मी देवाकडे पप्पांचं मन बदलायला सांगत होतो, आणि पप्पांना हवं होतं की पोरानं एकदा बसून बेरीज करावी.

मी माफी मागितली. आणि मग, सुरुवात झालीच आहे तर, डेंग्यूचंही सांगितलं. स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबला. आई ओल्या हातांनी बाहेर आली. ती जे बोलली ते इथे सांगण्यासारखं नाही, पण त्या रात्री आमच्या घरात पहिल्यांदा मोठ्या आवाजात भांडण झालं. दीड तास. खालच्या काकांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, “काय रे, सगळं ठीक ना?” मी म्हटलं, “नाही काका, पण चाललंय.”

जानेवारी २०२० मध्ये मला नोकरी लागली. हप्ता मी घेतला. आणि पप्पांचे एक लाख एकोणतीस हजार दोनशे थोडे थोडे करून परत दिले. त्यांनी ‘राहू दे रे’ म्हटलं नाही, बरं का. घेतले, आणि प्रत्येक वेळी वहीत तारीख घालून लिहिले. मला ते फार बरं वाटलं. ‘राहू दे’ म्हणाले असते तर परत एक न बोललेली गोष्ट घरात राहिली असती.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला. वन रूम किचन, चार माणसं, माझे ऑफिसचे कॉल, बहिणीचे ऑनलाइन क्लास. तेव्हा आम्ही रविवारची बैठक पक्की केली. जेवणानंतर दहा मिनिटं. प्रत्येकानं एक खटकलेली गोष्ट सांगायची, छोटीच. ‘काही नाही’ चालणार नाही. पहिले काही रविवार अवघड गेले. आईला तर वाटायचं आपण तक्रार केली म्हणजे आपण वाईट. मग तिला सवय झाली. आता तिची यादी तयार असते.

यानं आमचं घर आदर्श झालं असं समजू नका. पप्पा अजूनही माझ्या चर्चला येत नाहीत, मी त्यांना बोलावत नाही. रविवारी सकाळी ते त्यांच्या देवळात जातात, मी माझ्या सभेला मुंबईची लोकल पकडतो. तो फरक आहे, राहील. फक्त आता आम्हाला माहीत आहे की तो नेमका किती आहे. गप्प होतो तेव्हा तो वाटत होता त्यापेक्षा लहानच निघाला.

इंटरव्ह्यूत आता गॅपबद्दल विचारलं की मी सरळ सांगतो. मिशनरी होतो. काही जणांचा चेहरा बदलतो. एका मॅनेजरनं विचारलं, “त्याचा कोडिंगला काय उपयोग?” मी म्हटलं, “सर, तुमच्या टीममध्ये रोज सकाळच्या मीटिंगला सगळे काय म्हणतात?” ते हसले. “ऑल गुड.” मी म्हटलं, “आणि रिलीजच्या आदल्या रात्री?” ते अजून जोरात हसले. ती नोकरी मला मिळाली.

गेल्या रविवारी पप्पांची पाळी आली. ते आता निवृत्त झालेत. म्हणाले, “मी बोलतो तेव्हा तू एका कानातला इअरफोन काढतोस. दोन्ही काढत जा.”

लिहून घेतलंय.

चला, आज इतकंच. आज रात्री घरी कुणाला ‘काय चाललंय’ विचारण्याऐवजी ‘आज डब्यात काय होतं, संपला का’ एवढं विचारून बघा. काय उत्तर आलं ते मला कळवा. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.